मागावरून न उतरलेली घरं

विणकर वसाहतीतली घरं विणलेली आहेत, आणि ती अजून मागावरून उतरवलेली नाहीत.

सोलापुरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर कुणी बोलत नाही. सिमेंट परमिटवर मिळायचं त्या काळात गृहनिर्माण मंडळाला विणकरांसाठी वसाहत उभी करायची होती. विटा नव्हत्या, सिमेंट नव्हतं, सूत मात्र मुबलक होतं. मंडळानं सुताचे गठ्ठे माळावर उतरवले आणि म्हटलं, घ्या, आपला हात जगन्नाथ. विणकरांनी जन्मात घर बांधलेलं नव्हतं, साड्या विणलेल्या होत्या. तेव्हा त्यांनी साड्या विणतात तशीच घरं विणली. लांबीच्या दोऱ्यांचा एकच ताणा माळभर लावला. त्यावर एक घर विणायचं, मग हातभर जागा नुसते दोरे सोडायचे, मग पुढचं घर विणायचं. दोन साड्यांच्या मध्ये अशी मोकळी जागा सोडतात, ती पुढं कात्री लावायला. पण घरं पुरी झाली त्याच दिवशी लोक भांडीकुंडी घेऊन आत शिरले, चुली पेटल्या, आणि कापायचं राहून गेलं ते गेलंच.

घर पाहावं बांधून म्हणतात. विणलेल्या घराचे त्रास वेगळे. पावसाळा सरला की घर आटतं. उंच माणसं वाकून वावरतात, आणि दसऱ्याच्या आधी सगळी वसाहत एकमेकांच्या घरांचे कोपरे धरून ओढते तेव्हा कुठं घरं पुन्हा मापात येतात. खिळा ठोकता येत नाही, आकडे शिवावे लागतात. दाराला कडी नसते, भिंतीला फट असते आणि ती नाडीनं बांधतात. शिवाय गुपित म्हणून काही उरत नाही. घराघरांमधल्या मोकळ्या दोऱ्यांवर बोट टेकलं की कुणाच्या घरी काय चाललंय ते समजतं. पहिल्या घरात नारळ खवला तर शेवटच्या घरातल्या घागरीतलं पाणी थरथरतं. नवरा-बायको रात्री भांडले तर सकाळी साऱ्या वसाहतीच्या भिंतींना एक बारीक सुरकुती पडलेली असते. ती पाहायची, आणि गप्प बसायचं.

ताण्याचं एक टोक मार्कंडेयाच्या देवळामागं मोठ्या दगडी रुळाला गुंडाळलेलं आहे. दुसरं टोक कुणी पाहिलेलं नाही. शेवटच्या घरातून बाहेर पडून दोरे तसेच मावळतीकडं जातात, कमरेएवढ्या उंचीवरून, ताठ, नजर पोचेल तिथवर. लहान पोरं विचारायची, तिकडं काय हाय? म्हातारी माणसं म्हणायची, कुणीतरी धरलंय, तू जेव.

भूदेवी चिप्पा मधल्या घरात राहायची. दिवसभर बिड्या वळायची, आणि वळता वळता जगाचा उद्धार करायची. घरात तिची लेक श्रावणी होती आणि श्रावणीची तान्ही, चिन्नी. जावई भिवंडीला मागावर होता आणि सणापुरता यायचा. चिन्नी नुकती उभी राहायला शिकत होती. दोन घरांच्या मधल्या मोकळ्या दोऱ्यांना धरून ती उठायची, डुलायची आणि मग धपकन बसायची.

भूदेवीच्या जिभेवर सगळ्यात जास्त शिव्या होत्या त्या तिच्या आईसाठी. भूदेवी शाळेत जायची तेव्हाची गोष्ट. एके दुपारी तिची आई, सत्तम्मा, डाळिंबी साडी नेसून, हातात पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन दारात उभी राहिली. ‘जरा पलीकडं जाऊन येते,’ म्हणाली. ती आली नाही. बाप म्हणाला, पळाली. शेजारी म्हणाले, पळालीच असणार. भूदेवीनं तेव्हापासून रोज सकाळी चूल पेटवताना आईला एक सणसणीत शिवी हासडायचा नेम धरला आणि तो एकदाही चुकवला नाही.

पण तवा तिनं आईनं शिवलेल्या आकड्यालाच ठेवला. दाराची नाडी ती आईसारखीच बांधायची. सत्तम्मा डावखुरी होती, तिची गाठ उलटी पडायची. भूदेवीचा उजवा हात, तरी ती मुद्दाम उलटी गाठ मारायची. का, असं श्रावणीनं एकदा विचारलं, तर ‘तुला काय करायचंय?’ म्हणून तिच्यावरच खेकसली. खरी गोष्ट अशी, की आईला येऊन दार सोडता यावं एवढ्यासाठी ते होतं. आईला ठाऊक असलेला जगातला एकच पत्ता म्हणजे हे घर.

म्हणूनच लाउडस्पीकर लावलेली रिक्षा वसाहतीत शिरली तेव्हा भूदेवीच्या हातातली बिडी सुटली.

मंडळ आता घरं भाडेकरूंच्या मालकीची करून देणार होतं. ज्यांना घ्यायची त्यांनी बँकेकडून कर्ज आणावं आणि घ्यावी. जी घरं विकली जाणार नाहीत ती मंडळ उसवून परत नेणार. आडवं सूत, म्हणजे बाणा, मंडळाचा होता. ताण्याची मात्र मंडळाकडं कुठं नोंद नव्हती, तेव्हा तो राहील.

लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी आधी बालवाडी उसवून दाखवली. दोन माणसं छपरावर चढली, आडव्या सुताचं टोक शोधलं आणि ओढायला लागली. ओळीमागून ओळ निघत गेली. भिंतीवर पोरांनी गिरवलेली अक्षरं, फळ्याचा काळा रंग, कोपऱ्यातला खिचडीचा वास, सगळं रिळांवर गुंडाळलं गेलं. संध्याकाळी तिथं नुसते दोरे होते आणि दोऱ्यांतून आभाळ दिसत होतं. रिळं त्यांनी टेम्पोत भरली. कुणी आरडाओरडा केला नाही, कारण इतकं नीट उसवणं वसाहतीतल्या लोकांनीही कधी पाहिलं नव्हतं.

बँकेकडून घर पाहायला उंबरजे नावाचे साहेब आले. साधा माणूस, पायात चकचकीत बूट, हातात लहान हातोडी. भिंत पक्की आहे की पोकळ ते हातोडी मारून आवाजावरून ओळखायचं, हे त्यांचं काम. त्यांनी भूदेवीच्या भिंतीवर हातोडी मारली. हातोडीसकट हात कोपरापर्यंत आत गेला, जरा थांबला, आणि हळूच बाहेर आला.

‘भिंत कशाची आहे?’

‘सुताची की ओ. ताणा चाळीसचा, बाणा वीसचा.’

‘बांधकाम पक्कं आहे?’

‘रंग पक्का हाय. इतकी वर्षं धुतोय, उतरला न्हाई.’

उंबरजेंनी मान डोलावली. वीट, दगड, काँक्रीट यांवर बँक कर्ज देते, फार तर मातीवर देते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. विणलेल्या घराला नमुन्यात रकाना नव्हता. पण माणूस वाईट नव्हता. जाता जाता दारातल्या फटीत थांबून म्हणाले, ‘दोन मार्ग आहेत. एक तर घर शेजारच्या घरांपासून कापून वेगळं करा. स्वतंत्र घर म्हटलं की मला काहीतरी लिहिता येईल. नाही तर ज्या दोऱ्यांवर हे उभं आहे त्यांची दोन्ही टोकं भक्कम आहेत, हे मला डोळ्यांनी दाखवा.’

‘दुसरं टोक कुणी बघितलं न्हाई साहेब.’

‘मग कापा,’ उंबरजे म्हणाले.

भूदेवीनं बिडीची पानं कापायची कात्री काढली आणि घराशेजारच्या मोकळ्या दोऱ्यांपाशी जाऊन उभी राहिली. वसाहत गोळा झाली. सगळ्यांना कळत होतं. घरं उभी होती ती ताणावर. एक घर कापलं की मागची-पुढची सगळी दोरीवरच्या धुण्यासारखी खाली बसणार. घर ज्याचं त्याचं होतं, ताण सगळ्यांचा होता.

शेजारचे नरसय्या मामा काठी टेकत पुढं आले. वसाहत विणणाऱ्यांपैकी ते एकटेच उरले होते. ‘काप की,’ ते म्हणाले. ‘तुझं घर हाय, तुला कोण अडवणार? पण आधी एकच दोरा काप. शितावरून भाताची परीक्षा करावी माणसानं.’

भूदेवीनं कडेचा एक दोरा कापला.

आवाज लहानच झाला, पण प्रत्येक घरात काहीतरी एक पडलं. कुठं फुलपात्र, कुठं देवाची तसबीर, कुठं झोपलेला माणूस. प्रत्येक भिंतीत उजेडाची एक रेघ उघडली, आणि त्या रेघेतून पहिल्या घरातून थेट शेवटच्या घरापर्यंत दिसायला लागलं. मग कापलेल्या दोऱ्याचं मावळतीकडचं टोक सरकलं. घराघरातून निघत, कुणीतरी पलीकडं सावकाश ओढून घेत असल्यासारखं ते वसाहतीबाहेर गेलं. लोक बघत राहिले.

‘म्हणलं नव्हतं?’ नरसय्या मामा हळू आवाजात म्हणाले. ‘धरलंय कुणीतरी.’

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला दोरा परत आला. शेवटच्या घरात तो पहिल्यांदा दिसला. एका सुतावरून, एका सुताखालून, चुकत नव्हता की थांबत नव्हता. ज्या ज्या घरातून तो गेला तिथल्या बायकांनी ताटं झाकून ठेवली आणि हात जोडले. भिंतींतली उजेडाची रेघ त्याच्यामागं मिटत गेली. भूदेवीच्या घराबाहेर येऊन तो थांबला. आखूड पडू नये म्हणून त्याच्या टोकाला एक वीतभर तुकडा जोडलेला होता, साडीच्या पदराच्या दशीतून काढलेला. डाळिंबी रंगाचा. आणि तुकड्याची गाठ उलटी होती.

भूदेवीला इतका राग आला की तिला रडूच फुटलं.

तिनं तो डाळिंबी तुकडा देवळाकडून आलेल्या कापल्या टोकाला बांधला. तिचीही गाठ आपोआप उलटीच पडली. मग किती तरी वेळ ती दोऱ्यावर बोट ठेवून बसली. सगळ्या वसाहतीची वर्दळ त्यातून जात होती, आणि तिच्याही पलीकडं, खूप लांबून, एकसारखी बारीक थरथर येत होती. खूप वेळ जड काही धरून उभं राहिलेल्या माणसाच्या हाताला असते तशी.

उंबरजे पुन्हा आले तेव्हा ती तयार होती. ‘साहेब, टोक दाखवते. चला.’

‘मम्मी, कुठं निघालीस?’ श्रावणीनं विचारलं. चिन्नी तिच्या कडेवर होती.

भूदेवीच्या ओठांवर आईचेच शब्द आले होते. ते तिनं गिळले. ‘येते मी,’ एवढंच म्हणाली आणि चिन्नीचा गालगुच्चा घेतला. हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. कुणाकडं जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये, आणि उन्हात उभ्या माणसाला पाण्याहून दुसरं काय न्यायचं?

दोघं दोऱ्यांच्या कडेनं चालायला लागली. दोरे कोवळ्या ज्वारीच्या शेंड्यांवरून गेलेले होते आणि त्यांची सावली पिकावर चाळणीतून पडल्यासारखी बारीक पडली होती. त्या सावलीत शेळ्या चरत होत्या. पुढं हायवे आला. ‘आता ट्रक कसे जाणार?’ उंबरजे म्हणाले, आणि तेवढ्यात एक ट्रक आलाच. एक सोडून एक दोरा वर उचलला गेला, उरलेले खाली दबले, मधे वाट उघडली आणि तिच्यातून ट्रक मागातल्या धोट्यासारखा सुर्रकन या कडेनं त्या कडेला गेला. वाट मिटली. दोऱ्यांत धुळीची एक आडवी ओळ आणि ड्रायव्हरच्या गाण्याचा एक तुकडा विणला गेला होता. मग उलट्या बाजूनं एसटी आली. पुन्हा दोरे उघडले, पुन्हा मिटले.

‘हे रोज होतं?’

‘होत असंल की. त्याबिगर का एवढी माणसं येतात-जातात?’

 उंबरजेंनी दोऱ्यावर हात ठेवला. कुणाच्या तरी घरी भांडी घासत होते, कुणी खोकत होतं, कुणी पोराला दटावत होतं. ते राहायचे त्या पक्क्या इमारतीत शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे त्यांना माहीत नव्हतं, असं त्यांनी आपणहून सांगितलं. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी बूट काढून हातात घेतले. 

पुढं गावं संपली. झाडं संपली. जमीन आणि दोरे एवढंच राहिलं. सूर्य डोक्यावर होता तो जागचा हलेना. दोऱ्यांतून येणारे आवाज एकात एक मिसळून एकच आवाज झाला होता, झोपलेलं घर श्वास घेतं तसा, आणि तो इतका मोठा होता की त्याच्यात पायांखालची माती थरथरत होती.   आपण ज्या भिंतीला पाठ टेकून बिड्या वळत बसलो ती भिंत इतक्या लांबून कुणी तोलून धरली होती, या विचारानं भूदेवीनं तांब्या छातीशी धरला.

रस्ताभर पसरलेले दोरे आता जवळजवळ येत चालले होते. रुंदी घराएवढी झाली, मग दाराएवढी, मग पाळण्याएवढी. शेवटी ते सगळे मिळून दोन हातांत गेलेले होते.

मागाजवळ असतो तसा गुडघाभर खड्डा होता. त्यात पाय रोवून सत्तम्मा उभी होती. डाळिंबी साडी, पदराच्या दशा उसवलेल्या, दोन्ही तळहातांवर दोरे गुंडाळलेले, अंग मागं झुकलेलं. ती घरातून गेली त्या दिवशी होती तेवढीच होती. ताणलेल्या माणसाला वय चढत नसावं. भूदेवीच्या समोर तिची आई उभी होती आणि आई तिच्यापेक्षा पुष्कळ लहान होती. खड्ड्याच्या काठावर तांब्यांची एक रांग होती, काही इतके जुने की हिरवे पडलेले.

‘कोण?’ सत्तम्मानं विचारलं.

‘मी भूदी.’

‘मोठी झालीस.’

‘म्हातारी झाले, अम्मा.’

‘असं व्हय. दोऱ्यातून तेवढं कळत न्हाई.’

भूदेवीनं चुलीपुढं रोज जी शिवी घातली होती ती आता तिला आठवेना. ‘तू का गेलीस?’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज शाळेत जाणाऱ्या पोरीसारखा निघाला.

‘मडूरांच्या सासूला पाणी द्यायला आले होते. ती हितं होती. म्हणली, जरा धर, पाणी पिते. मी धरलं. पाणी प्याली आन् घराकडं गेली.’ सत्तम्मानं दोऱ्यांवरची पकड सारखी केली. ‘तिनं सांगितलं न्हाई तुमाला?’

भूदेवीला वसाहतीतल्या मडूरांच्या घरातली म्हातारी आठवली. आई गेली त्याच दिवशी संध्याकाळी ती कुठूनशी वसाहतीत आली होती, पायरीवर बसून स्वतःचे हात उलटसुलट करून बघत होती. थोड्याच दिवसांत वारली. ‘न्हाई,’ भूदेवी म्हणाली. ‘काही बोलली न्हाई.’

‘विसरली असंल. हात मोकळे झाले की माणूस विसरतं.’

‘मी तुला रोज शिवी दिली, अम्मा. रोज सकाळी.’

‘यायची की. शिवी आली म्हणजे वाटायचं, पोरगी उठली, चूल पेटली. तेवढीच मला सकाळ व्हायची.’

‘मग आली का न्हाईस ग?’

‘हात मोकळे नव्हते, बिड्डा.’

भूदेवी रडली. दोन्ही हातांनी तोंड झाकून, हमसून हमसून रडली. उंबरजे दुसरीकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी पुढं होऊन एक दोरा दोन बोटांनी ओढून पाहिला, आणि हातोडीनं सत्तम्माच्या मनगटावर हळूच ठोकलं. आवाज भरीव आला.

‘टोक भक्कम आहे,’ ते म्हणाले. ‘माणसाच्या हातात आहे, पण भक्कम आहे. अर्जदार आणि टोक एकाच कुटुंबातले का?’

‘हो साहेब.’

‘मग हरकत नाही. उलट चांगलंच.’

भूदेवीनं तांब्या आईच्या ओठांना लावला. सत्तम्मा सगळं पाणी प्याली. थोडं हनुवटीवरून गळ्यावर गेलं. जरा धर, असं ती म्हणाली नाही. ‘जा आता,’ म्हणाली. ‘घरी पोरगी वाट बघत असंल. बारकीचा दात हिरडीतून वर येऊ लागलाय, रात्री रडती.’

‘तुला ते पण कळतं?’

‘ती दोरा तोंडात घालती की.’

भूदेवी जागची हलली नाही. सत्तम्मा तिच्या खांद्यावरून उगवतीकडं बघत होती. वसाहत इथून दिसत नव्हती, तरी ती बघत होती.

‘तवा कुठं असतो आता?’ तिनं विचारलं.

‘त्याच आकड्याला.’

‘आन् दाराची गाठ?’

‘तुझीच. उलटी. तुला सोडता यावी म्हणून.’

सत्तम्मानं मान खाली घातली. तिच्या हातांची थरथर दोऱ्यात उतरली आणि लांबवर कुठंतरी एखाद्या घागरीतलं पाणी हललं असेल.

भूदेवीनं रिकामा तांब्या रांगेत शेवटी ठेवला, साडीचा काचा मारला आणि खड्ड्यात उतरली. ‘आण इकडं.’

‘नको, बिड्डा.’

‘जरा वेळ. मान तरी मोकळी कर. घर बघून ये.’

‘आन् विसरले तर?’

‘विसरलीस तर विसर,’ भूदेवी म्हणाली. ‘घरात तर असशील.’

सत्तम्मानं एकेक वेढा सोडवून लेकीच्या तळहातांवर चढवला. शेवटचा वेढा चढला तसं भूदेवीचं अंग मागं झुकलं आणि सगळी वसाहत तिच्या हातांत आली. किती जड असेल असं तिला वाटलं होतं! जड होतीच, पण ऊबही होती. नरसय्या मामांची काठी तिच्या करंगळीत टेकत होती. कुणाचा भात उकळत होता. श्रावणी गुणगुणत होती. प्रत्येक घर, प्रत्येक माणूस, झोपलेलं, जागं, रुसलेलं, तिच्या कातडीला कळत होतं. एवढं सगळं होतं तर! तिला हसू आलं आणि डोळे पुन्हा भरून आले.

सत्तम्मा काठावर बसून स्वतःचे हात उलटसुलट करून बघत होती.

‘अम्मा,’ भूदेवी म्हणाली.

‘आँ?’ सत्तम्मा दचकून उठली. पदर सारखा केला. ‘जरा पलीकडं जाऊन येते,’ म्हणाली.

उंबरजेही निघाले. अजून बूट त्यांच्या हातातच होते. ‘ताई, घर तुमच्या नावावर होईल. आता कुठलीच अडचण नाही. कळवतो.’

‘कुठं कळवणार?’

उंबरजेंनी चहूकडं पाहिलं. ‘घरच्या पत्त्यावर,’ ते म्हणाले.

दोघं दोऱ्यांच्या कडेनं लहान लहान होत गेली. मग ती डोळ्यांना दिसेनाशी झाली, हातांना मात्र कळत राहिली. हायवेवर दोरे उघडले आणि मिटले. ज्वारी सरसरली. वसाहतीच्या शेवटच्या घरापाशी दोघांची पावलं वेगळी झाली. मग मधल्या घराच्या दाराची नाडी कुणीतरी हातात घेतली आणि उलटी गाठ पहिल्याच झटक्याला सुटली.

‘कोण पाहिजे?’ श्रावणीनं विचारलं.

 आकड्यावरून तवा निघाला. चूल पेटली. शिवी आली नाही.

मग दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत एका लहान मुठीनं दोरा धरला. तो डाळिंबी तुकडा होता. मूठ ओली होती. तिनं दोरा ओढून अंग वर उचललं, डुलली, आणि या वेळी खाली बसली नाही. एक मूठ सुटली, पुढच्या दोऱ्यावर आली. मग दुसरी. पाऊल पडलं. आणखी एक पडलं. ते देवळाकडं होतं की इकडं, हे कळावं म्हणून भूदेवीनं श्वास रोखला, हात आणखी ताणले. पण दोऱ्यातून तेवढं कळत नव्हतं.